बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची धाप

लहानपणी आमच्या घरात दारामागे एक मोठे धनुष्य टांगलेले असायचे. पाहुण्यांची पोरे घरात आली की आधी त्याच्याकडे बोट दाखवत. ते कापूस पिंजण्याचे धनुष्य होते. गावातले लोक त्याला पिंजण म्हणत, आम्ही घरी धुनकी म्हणायचो. जवळजवळ माणसाच्या उंचीचा लाकडी दांडा, त्याला ताणून बांधलेली तात आणि ती तात छेडायला डमरूच्या आकाराचा लाकडी दस्ता. दसरा झाला की अब्बा धुनकी खांद्यावर टाकून निघत. माजलगाव आणि गेवराईच्या बाजूची गावे त्यांच्या पायाखालची. कुणाच्या मुलीचे लग्न ठरलेले असे, तिची गादी भरायची. कुणाची जुनी रजई गोळा झालेली, ती उसवून तिचा कापूस पुन्हा मोकळा करायचा. तातेचा आवाज गल्लीत घुमला की बायका परसातून हाका मारत, "पिंजारी दादा, आमच्याकडे पण या."

त्या आवाजावर मी कविता लिहिली आहे. कविसंमेलनात ती पुष्कळदा वाचली, टाळ्याही मिळाल्या. पण श्रोतेहो, त्या कवितेत एक गोष्ट आली नाही. अब्बांचा श्वास तिच्यात आला नाही.

आमच्या जमातीला नद्दाफ म्हणतात, मन्सूरीही म्हणतात. इ.स. ९२२ मध्ये बगदादला ज्यांना देहदंड झाला त्या मन्सूर अल-हल्लाज या सूफीच्या नावावरून हे नाव आम्ही घेतले. हल्लाज या शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा. हिंदी संतकवी दादू दयाळही पिंजारीच होते, अशी परंपरा आहे. अब्बांना याचा फार अभिमान होता. मला मात्र आता वाटते, हल्लाजवर जगभरच्या कवींनी इतके लिहिले, पण त्याच्या बापाला खोकला होता का, हे कुणी विचारले नाही. मीही विचारले नव्हते.

अब्बांच्या आजाराची एक तऱ्हा होती. आठवडी बाजाराच्या दिवशी ते पिंजायला जात नसत. त्या दिवशी ते खुलत. बाजारातून भजी आणत, आम्हाला गोष्टी सांगत. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसले की दुपार टळता टळता छाती आवळून यायची. "सीना जकड लिया," एवढेच म्हणत आणि भिंतीला टेकून बसत. तिसऱ्या, चौथ्या दिवशी पुन्हा बरे. मग पुढचा बाजार, आणि पुन्हा तेच. अम्मीचा निकाल ठरलेला होता. दोष भज्यांच्या तेलाचा! तिने भजी बंद केली. त्याने काही फरक पडला नाही. मग तिने नजर उतरवली.

यात अम्मीचे काय चुकले? साधा हिशेब करून पाहा. कामाने आजार होत असेल तर रोज काम करून तो रोज वाढला पाहिजे, आणि सुट्टीनंतर माणूस ताजा झाला पाहिजे. इथे सगळे उलटे. सुट्टी संपली की आजार हजर, आणि काम चालू ठेवले की तो ओसरतो. मग कामावर संशय कोण घेणार?

या उलट्या हिशेबाचे कोडे सुटायला जगालाही फार वेळ लागला. सन १७०० मध्ये इटलीतल्या मोदेना शहरी बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्यकाच्या प्राध्यापकाने कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ छापला. हा माणूस विहिरी उपसणाऱ्यांपासून कुंभारांपर्यंत सगळ्यांच्या कामाच्या जागी जाऊन पाहायचा. ताग आणि अंबाडीसारखे धागे विंचरणाऱ्यांच्या छातीत जाणारी धूळ, दळणाऱ्यांचा आणि भट्टीवाल्यांचा दमा, धान्य चाळणाऱ्यांची धाप हे सगळे त्यात आहे. वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत त्याने एका प्रश्नाची भर घातली. तू काम काय करतोस? तीनशे वर्षे उलटून गेली. आपल्या दवाखान्यांत तो प्रश्न किती वेळा ऐकू येतो, ते तुम्हीच आठवून पाहा.

पुढे इंग्लंडात यंत्रे आली. मँचेस्टरच्या जेम्स के या डॉक्टरने १८३१ मध्ये सूतगिरणीतल्या कामगारांच्या छातीच्या विकारावर लिहिले. लँकेशायरच्या कामगारांना तर डॉक्टरांच्याही आधीपासून ठाऊक होते की सोमवार वाईट असतो. रविवारची सुट्टी घेऊन माणूस सोमवारी खात्यात शिरला की छाती आवळते. १९५०च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी तिथल्या कार्डिंग खात्यातल्या माणसांना हाच प्रश्न शिस्तीने विचारला. छाती कधी आवळते? फक्त सोमवारी, की इतर दिवशीही? उत्तरावरून त्यांनी रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायऱ्यांवर त्रास सोमवारपुरता. पुढे तो आठवड्याच्या इतर दिवशीही राहतो. शेवटी फुप्फुसाची ताकद कायमची जाते आणि मग सोमवार आणि गुरुवार सारखेच. या रोगाचे नाव बिसिनोसिस. आपण सोप्या भाषेत कापसाचा दमा म्हणू.

पंचवीस-तीस वर्षांनंतर हे सगळे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. लँकेशायरचा सोमवार म्हणजे आमचा बाजाराचा दुसरा दिवस होता.

खरे कारण नुसता धागाही नाही. बोंडाभोवतीची वाळलेली पाने, देठाचा चुरा हा कचरा कापसाबरोबर येतो. त्यावर वाढणाऱ्या काही जिवाणूंचे एक विषारी द्रव्य धुळीत मिसळते. ते श्वासनलिकांना सुजवते. रोज धूळ लागत राहिली तर शरीर थोडे सरावते आणि सुट्टीत तो सराव मोडतो, म्हणून पहिला दिवस जड जातो, असे मानले जाते. पिठाचा, रंगाच्या फवाऱ्याचा किंवा लाकडाच्या भुशाचा दमा सहसा वेगळा वागतो. तो आठवडाभर वाढत जातो आणि सुट्टीत हलका होतो. म्हणजे तिथे अम्मीचा साधा हिशेब चालला असता. आपल्याकडे बेकरीत पीठ मळणारी पोरे, गॅरेजात गाड्यांना फवाऱ्याने रंग मारणारी पोरे, मिरची कांडप यंत्रावरच्या बाया, मोंढ्यातले हमाल यांच्या घरी विचारले तर हा दुसरा हिशेब निघेल. पण मी कापसाच्या घरातला, मला पहिला जास्त माहीत.

आता मुंबईकडे येऊ. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी तिथे सूतगिरणीची कंपनी काढली आणि गिरणगाव वसत गेले. त्या गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा भरवल्या, अर्ज केले, आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ही सुट्टी आज आपण सगळे उपभोगतो. माझा एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्या. रविवार मिळाला तेव्हाच गिरणीतल्या धुळीला सोमवार मिळाला असेल. त्याआधी ज्याला सलग काम, त्याला आपली छाती कशाने आवळते हे कळायला मोकळा दिवसच नव्हता.

तरीही सोमवारच्या त्या धापेचे मुंबईत मोजमाप व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास केला. पुढे डॉ. व्ही. मुरलीधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या एका गिरणीतला बिसिनोसिस १९९५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडला. मधल्या काळात १९८२चा संप झाला आणि गिरणगाव विसकटले. कामगार गावोगाव परतले. आपला श्वास कोणत्या खात्यात गेला याचा पुरावा बरोबर न्यायला त्यांना कुणी सांगितले नव्हते.

पण या इतिहासात मला सगळ्यात जास्त बोचतो तो एक शब्द. हंगामी.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१चा. तो शंभर किंवा जास्त माणसे असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. सरकी काढण्याचे कारखाने, म्हणजे जिनिंग, पुष्कळदा तेवढे चालतच नसत. हंगाम आला, भोंगा वाजला, हंगाम संपला, कुलूप. ते कायद्यातून सुटले. १९११च्या कायद्याने हंगामी कारखान्यांना आत घेतले. आमचा बीड जिल्हा तर तेव्हा निजामाच्या राज्यात, इंग्रजांचा तो कायदा आमच्या वेशीपर्यंत पोचणाराच नव्हता. १९४८च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले. त्याच वर्षी देशात दोन मोठे कायदे झाले. कारखाना कायद्यातल्या सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत पुढे बिसिनोसिस आला. त्याच कायद्यात असेही होते की गाठी बांधण्याच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारे यंत्र चालू असेल त्या भागात बाई किंवा मूल कामाला ठेवायचे नाही. वाचायला चांगले वाटते. दुसरा कायदा राज्य कामगार विम्याचा. आजारी कामगाराला औषध, पगार, भरपाई देणारा. त्यातून हंगामी कारखाने वगळले. हंगामी म्हणजे कोणते, याच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग नावानिशी आले. गूळ-साखरही आली. आमच्या जिल्ह्याच्या पोटाची दोन्ही कामे एका ओळीत बाहेर! २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्याला विम्याबाहेरच ठेवले आहे.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. इंग्लंडात १९४१ मध्ये कापसाच्या दम्याची भरपाई सुरू झाली. ती फक्त पुरुषांना, आणि ज्याने किमान वीस वर्षे त्या धुळीत काढली त्यालाच. अमेरिकेत १९७८ मध्ये कापसाच्या धुळीची मर्यादा ठरली. गिरणीमालक न्यायालयात गेले. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. मोठी जीत होती ती. पण त्या मर्यादेतून जिनिंग बाहेर राहिले. वीस वर्षांची अट असो की हंगामाची सूट, दोन्हींतून एकच माणूस निसटतो. नुकताच कामाला लागलेला, अठरा-वीस वर्षांचा.

मी तसा एक होतो. बारावीची परीक्षा झाल्यावर, बी.ए.ला नाव घालायच्या आधी एक हंगाम मी जिनिंगमध्ये काढला. एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस होते ते. १९७२ पासून कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा असा नियम, त्यामुळे गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. आत यंत्रांची ओळ. बाया टोपल्यांतून कापूस आणून ओतत. यंत्राच्या एका अंगाने सरकी खाली पडे, दुसऱ्या अंगाने रुई निघे. आम्ही पोरे रुईच्या ढिगात उतरून ती पायाने दाबायचो, गोणपाटात भरायचो. तासाभरात भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. एकमेकांना "काय म्हातारबा" म्हणून हसायचो. संध्याकाळी मुकादम गुळाचा खडा हातावर ठेवी. गुळाने धूळ पोटात उतरते अशी सगळ्यांची खात्री. धूळ पोटात नाही, फुप्फुसात जाते, आणि तिथे गूळ पोचत नाही, हे सांगायला तिथे कुणी नव्हते. गूळ मात्र चांगला होता.

माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे भाईजान माझ्या आधीपासून तिथे होते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ते अब्बांसारखेच भिंतीला टेकत. घरात बोलले गेले की हे खानदानी आहे. बापाचा दमा लेकाला. मी तो हंगाम संपवून निघून आलो आणि मला काही झाले नाही. म्हणजे माझ्यात खानदान कमी होते, असेच म्हणायचे!

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये डेनिस गोत्रँ यांच्या गटाने १९९०च्या दशकात काही शिकाऊ मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. बेकरीचे काम शिकणारी, प्राण्यांच्या दवाखान्याचे काम शिकणारी मुले. त्यातून दिसले की कामातल्या वस्तूची ॲलर्जी जडायची असेल तर ती शिकाऊपणाच्या वर्षांतही जडते, त्यासाठी वीस वर्षे लागत नाहीत. आणि दुसरी गोष्ट डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात. दमा कामाने झाला हे लवकर ओळखून माणूस त्या धुळीतून लवकर बाहेर पडला तर बरे होण्याची शक्यता जास्त. उशीर झाला तर काम सोडूनही धाप सोडत नाही. कापसाच्या दम्याचेही तेच. सोमवारच्या पायरीवरून माणूस परत फिरू शकतो. शेवटच्या पायरीवरून नाही. भाईजान तिसाव्या वर्षी काम सोडून चहाची टपरी टाकून बसले. त्यांना अजून जिना चढवत नाही. पण अब्बा शेवटी जसे बोलता बोलता थांबत, तसे ते थांबत नाहीत.

पुढे जिनिंग बदलले, हेही सांगितले पाहिजे. २००० मध्ये केंद्राने कापसाचे तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यात पुष्कळ कारखान्यांत टोपल्यांच्या जागी पट्टे आणि नळ आले, फरशा आल्या. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, कापसाचे पीक वाढले, कामही वाढले. यंत्राच्या रुळांना क्रोम लावून कमावलेले चामडे बसवण्याची जुनी रीत होती. ते झिजते तशी क्रोमियमची धूळ रुईत मिसळते. त्यावर शास्त्रज्ञांनी रबर आणि कापडाचे रूळ सुचवले. धूळ कमी करणे जमत नाही असे नाही. यंत्रावर झाकण, हवा ओढणारा पंखा, जमीन झाडण्याऐवजी ओढून घेणारे यंत्र. यात न समजण्यासारखे काय आहे?

आता भाईजानचा मुलगा, माझा पुतण्या, एकोणीस वर्षांचा आहे. दोन हंगाम झाले जिनिंगमध्ये जातो. या वर्षी त्याची अम्मी मला म्हणाली, "भाई, याला बाजाराच्या दुसऱ्या दिवशी खोकला येतो. भजी लय खातो." माझ्या अंगावर काटा आला. मी त्याला घेऊन तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण, भले, दारात साठ माणसे. त्यांनी छाती ऐकली, ॲलर्जी आहे म्हणाले, पंप लिहून दिला. त्यांच्याकडे फुंकर मारून श्वासाची ताकद मोजायची नळी होती. मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, ही नळी याने आठवडाभर फुंकली, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी, आणि आकडे लिहून ठेवले तर कामाचा हात दिसेल की नाही? ते म्हणाले, दिसू शकेल. करा. औषधाच्या दुकानातून आम्ही तशी नळी विकत घेतली.

मग मी केसपेपर पाहिला. नाव, वय, गाव भरलेले. व्यवसायाची जागा मोकळी. मी विनंती केली की इथे जिनिंगमध्ये कामाला, कापसाची धूळ, असे लिहा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, बाहेरच्या रांगेकडे पाहिले आणि पेन उचलून लिहिले, मजूर.

पुतण्याने कागदाची घडी करून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी बाजार होता.